पोहे एकाच पातेल्यातले

इंदूरच्या कुठल्याही नाक्यावर भल्या सकाळी पोह्याची गाडी लागते तेव्हा शेगडीवर आधी चढतं ते पाण्याचं पातेलं. पाण्याला उकळी फुटली की त्याच्या तोंडावर पोह्याची पसरट कढई किंवा परात बसवतात. पोहे आधीच भिजवलेले असतात. हळद, मीठ, साखर लागलेली असते आणि मोहरी, बडीशेप, धणे, हिरवी मिरची यांची बेताची फोडणी पडलेली असते. पुढचे चार-पाच तास हे पोहे थेट आचेवर येतच नाहीत. खालच्या वाफेवर मऊ, ओलसर, पिवळेधमक होऊन बसून राहतात. त्या परातीत कांदा नसतो, बटाटा नसतो, लसणाचा तर प्रश्नच नाही. गिऱ्हाईक समोर आलं की पोहेवाला प्लेटमध्ये पोहे घेतो आणि मग त्याचा हात भराभर चालू लागतो. मूठभर शेव, चिमूटभर जीरावन मसाला, कोथिंबीर, लिंबाची पिळणी, कुठे खारी बुंदी, कुठे डाळिंबाचे दाणे. आणि कांद्याच्या डब्याकडे जाताना हात क्षणभर थांबतो. "भिया, प्याज?" मान होकारार्थी हलली तर कच्चा, बारीक चिरलेला कांदा वर पडतो. नाही हलली तर प्लेट तशीच पुढे सरकते. शेजारी जिलबी असतेच.

पुण्या-मुंबईकडच्या माणसाला ही रीत उफराटी वाटते. आपल्याकडे कांदेपोह्यात कांदा आधी तेलात पडतो, गुलाबी होतो आणि मग त्याच्यावर पोहे येतात. तो पोह्यात इतका मुरतो की नको म्हणणाऱ्याला वेगळा काढून देता येत नाही. इंदूरने तोच कांदा परातीबाहेर काढून डब्यात ठेवला. का ठेवला, याचं उत्तर गाडीसमोरच्या घोळक्यात सापडतं. त्यात कांदा-लसूण न खाणारा जैन व्यापारी असतो, चातुर्मास पाळणारी मराठी आजी असते, वैष्णव घरातला कॉलेजकुमार असतो, आणि कांद्याशिवाय घास न उतरणारा हमालही असतो. पातेलं लावायचं ते सगळ्यांत कडक पथ्य पाळणाऱ्याला चालेल असं, आणि बाकीच्यांची हौस वरून पुरवायची. या शहराच्या खाण्याचं मर्म मला यात दिसतं. धर्माने काय वर्ज्य ठरवलं, हवेने काय टिकू दिलं आणि कोण कुठून काय घेऊन आलं, याचा हिशेब इंदूरने रस्त्यावरच्या एका परातीत बसवला आहे.

वाफेचं कारण मला हवेत दिसतं. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर, माळव्याच्या पठारावर आहे. पावसाळ्याचे महिने सोडले तर इथली हवा कोरडी. कोकणात पोहे झाकून ठेवले तर तासाभराने खाता येतात. इथे उघड्या परातीतले पोहे बघता बघता कडकडीत होतात. सकाळभर विकायचे तर त्यांना ओल पुरवत राहायला हवी, आणि ती पुरवायची सोपी युक्ती म्हणजे खालून वाफ. या युक्तीने तेलही वाचतं. ओलं खोबरं समुद्रापासून इतक्या लांब रोजच्या रोज कुठून आणणार? त्याची जागा शेवेने घेतली. शेव इथली, हरभरा इथला, आणि शेजारच्या रतलामची लवंग घातलेली शेव तर भौगोलिक निर्देशांक मिळवून बसलेली. खोबऱ्याने मऊपणा यायचा, शेवेने कुरकुरीतपणा आला. पदार्थाचा स्वभावच बदलला.

गंमत अशी की ज्या शहराची ओळख पोह्यांवर ठरते, त्याच्या आसपास भाताची शेती नावापुरतीच. शेजारच्या उज्जैनला पोह्यांचे कारखाने आहेत, पण तिथे लागणारं भात छत्तीसगढच्या बाजूने येतं. पोहे खाण्याची सवय इथे आली ती मराठी माणसांबरोबर. अठराव्या शतकात पेशव्यांच्या फौजा माळव्यात उतरल्या, मल्हारराव होळकरांना हा मुलूख मिळाला. अहिल्याबाईंनी महेश्वरहून कारभार केला. १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांशी महिदपूरची लढाई झाली, त्यानंतर मंदसौरचा तह झाला आणि १८१८ पासून इंदूर ही होळकरांची राजधानी झाली. राजधानीला कारकून लागतात, भिक्षुक लागतात, शिक्षक, वैद्य, गवई लागतात. देशावरून आणि कोकणातून आलेली ही कुटुंबं रामबाग, नारायणबाग, पुढे लोकमान्यनगर, राजेंद्रनगर अशा वस्त्यांत स्थिरावली. त्यांच्या न्याहारीचा पदार्थ घराच्या उंबऱ्याबाहेर पडला आणि शहराने तो आपल्या सोयीने पुन्हा रचला.

तुकोजीराव होळकर दुसऱ्यांच्या काळापासून इथे कापडगिरण्या आल्या, पुढे सर सेठ हुकुमचंदांसारख्यांनी त्या वाढवल्या. गिरणीचा भोंगा पहाटे वाजतो. पाळीवर जाणाऱ्याला गरम, स्वस्त, उभ्या उभ्या खाता येईल आणि पोटाला जड होणार नाही असं काहीतरी लागतं. पोह्यांची प्लेट या गरजेला चपखल बसते. गिरण्या गेल्या, हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, तिच्या कामगारांना थकलेले पैसे मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. सकाळच्या पोह्यांची वेळ मात्र पाळीच्या वेळेलाच राहिली आहे.

आता पठाराच्या मातीकडे येऊ, कारण ती समजल्याशिवाय इथलं ताट समजत नाही. माळव्याची काळी माती पावसात इतकी चिकट होते की तिच्यात पाऊल रुतलं तर चप्पल तिथेच राहते. म्हणून जुना शेतकरी बरीच जमीन पावसाळ्यात पडीक ठेवायचा. तिच्यात पाणी मुरू द्यायचं आणि दसऱ्यानंतर त्याच ओलीवर गहू पेरायचा. पाटाचं पाणी नाही, विहीर नाही, नुसती मातीतली ओल आणि हिवाळ्यातली थंड रात्र. अशा जमिनीत येणारा माळवी गहू कठीण दाण्याचा, जाडसर रवा देणारा. त्याची पातळ घडीची पोळी मनासारखी होत नाही, पण बाफला असा होतो की बोलायची सोय नाही. इंदूरमध्ये भारतीय कृषी संशोधन संस्थेचं गव्हाचं केंद्र १९५१ पासून आहे. 'एचआय' या अक्षरांनी सुरू होणारे गव्हाचे वाण तिथले. 'मालव शक्ती' आणि 'पोषण' ही त्यांतल्या कठीण गव्हांची नावं.

बाफला आणि राजस्थानी बाटी ही सख्खी भावंडं, पण त्यांच्यातला फरक हवामानाचा आहे असं मी मानतो. बाटी कणकेचा गोळा थेट निखाऱ्यात भाजून होते, पाण्याचं काम फक्त कणीक मळण्यापुरतं. बाफला आधी उकळत्या पाण्यात शिजतो, वर तरंगला की काढून निथळवतात आणि मग गोवऱ्यांच्या आरावर भाजतात. पाण्याने भरलेल्या मुलखालाच ही चैन परवडते. उकडल्यामुळे आतला गर सैल होतो, फोडून तुपात बुडवला की तूप शेवटच्या कणापर्यंत जातं. सोबत तुरीचं वरण, कढी, हिरवी चटणी आणि बाफल्याच्याच पिठाचे लाडू. पावसाळ्यात पाताळपाणीच्या धबधब्याकडे, जानापावच्या डोंगराकडे सहलीला निघालेल्या कुटुंबांच्या गाडीत पिठाचा डबा आणि गोवऱ्यांचं पोतं असतंच. जेवण झाल्यावर झाडाखाली झोपायची सतरंजीही असते.

पण गव्हाच्या या कौतुकात एक गोष्ट झाकली जाते. माळव्यातला गरीब माणूस गहू रोज खात नव्हता. तो ज्वारी खायचा, मका खायचा, गहू विकायचा. सत्तरच्या दशकापासून सोयाबीन आलं. पडीक ठेवायच्या खरिपाच्या जमिनीत ते बसलं आणि ज्वारीच्या जमिनीतही बसलं. देशाची सोयाबीन संशोधन संस्था इंदूरलाच आहे. सोयाने शेतकऱ्याच्या हातात रोकड दिली, पण ताटातली ज्वारीची भाकरी गेली. आज आमच्या मराठी घरांतसुद्धा ज्वारीचं पीठ मुद्दाम आठवणीने आणावं लागतं. चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्याला वांग्याचं भरीत आणि भाकरी हवी म्हणून ते येतं. खंडोबा होळकरांचं कुलदैवत, त्यामुळे इंदूरच्या कितीतरी घरांत चातुर्मासात सोडलेलं वांगं त्याच दिवशी पुन्हा सुरू होतं.

माळव्याच्या रात्रीला जुन्या लोकांनी 'शब-ए-मालवा' म्हणून नावाजलं, बनारसची सकाळ आणि अवधची संध्याकाळ यांच्या रांगेत बसवलं. उन्हाळ्यात दिवसा चाळिशीच्या पुढे जाणारा पारा सूर्य बुडाल्यावर उतरतो आणि पठारावरून वारा सुटतो. घरं भट्टीसारखी तापलेली असताना माणूस बाहेर पडणारच. सराफ्याचा रात्रीचा बाजार उभा राहिला तो या वाऱ्यावर. दिवसभर सोन्याचांदीची दुकानं चालतात. रात्री आठ-नऊच्या सुमारास शटर खाली येतात आणि त्याच ओट्यांवर शेगड्या पेटतात, त्या मध्यरात्र उलटून गेल्यावर विझतात. वर्दळ राहिली तर चोरीची भीती कमी, म्हणून सराफांनीच खाणाऱ्यांना जागा दिली, असं इंदुरात सगळे सांगतात. ते काही असो, वारा नसता तर रात्री एक वाजता रबडी खायला कोण आलं असतं?

आणि हा बाजार ज्या गल्ल्यांत भरतो तिथून चार पावलांवर इतवारिया बाजारातलं काचमंदिर आहे. हुकुमचंदांनी बांधलेलं, भिंती-छत-खांब सगळं काचेचं जैन मंदिर. जैन धर्म पाळणाऱ्याने सूर्यास्तानंतर जेवू नये, बटाटा, कांदा, लसूण, गाजर, मुळा असे कंद खाऊ नयेत, कारण एकेका कंदात अनंत जीव आहेत असं तो मानतो. चातुर्मासात तर पालेभाजीही सुटते, पानांवर किडे असतात म्हणून. ज्या शहराच्या व्यापारावर या समाजाचा एवढा ठसा, त्याच शहराने आपली ओळख रात्रीच्या खाण्यावर उभी करावी, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला विसंगत वाटतं. प्रत्यक्षात दोघांनी एकमेकांना वळण दिलं आहे. इथली कचोरी बहुतेक मुगाच्या डाळीची. भुट्ट्याचा कीस म्हणजे कोवळं कणीस किसून तुपात परतून, दूध घालून शिजवलेलं सारण, त्यात हिंग-मोहरी-मिरची आहे पण कांदा-लसूण नाही. कच्च्या केळ्याने बटाट्याची जागा किती ठिकाणी घेतली आहे ते मोजत बसावं लागेल. सूर्यास्त पाळणाऱ्याने हेच पदार्थ दिवसा छप्पन दुकान नावाच्या खाण्याच्या दुकानांच्या ओळीत खावेत, न पाळणाऱ्याने रात्री सराफ्यात.

सराफ्यातलं जोशींचं दहीवड्याचं दुकान बघण्यासारखं आहे. दह्याने भरलेला द्रोण हवेत उंच उडवून झेलायचा खेळ लोकांना आवडतो, पण माझं लक्ष मसाल्याकडे असतं. विकणारा एकाच चिमटीत वेगवेगळे मसाले उचलतो आणि ते दह्यावर एकेक करून, रंग न मिसळता सोडतो. जिऱ्याची पूड एकीकडे, तिखट दुसरीकडे, काळं मीठ तिसरीकडे. नको असलेला मसाला सांगितला तर तेवढाच वगळता येतो. तत्त्व पोह्यांचंच. दहीवडा सगळ्यांसाठी सारखा, चव मात्र शेवटच्या क्षणी ठरते.

हे तत्त्व सगळीकडे लागू पडत नाही, हेही सांगायला हवं. गराडू पाहा. आपल्या कोनफळाच्या कुळातला हा कंद थंडी पडली की येतो आणि थंडी सरली की दिसेनासा होतो. साल काढून फोडी आधी मंद तळायच्या, गार होऊ द्यायच्या, मग कडक तेलात पुन्हा तळून वर लिंबू आणि जीरावन. बाहेर कडक, आत लोण्यासारखा. पण तो जमिनीखालचा कंद आहे. त्याच्यावर काहीही भुरभुरवलं किंवा गाळलं तरी जैन माणसाला तो चालणार नाही. काही नियमांना वळसा नसतो, आणि गराडूच्या शेगडीशेजारून तो माणूस शांतपणे पुढे जातो.

मराठी आणि हिंदी घरं शेजारी शेजारी राहिली की पंचांगाचा घोळ होतो आणि तो थेट स्वयंपाकघरात उतरतो. हिंदी पंचांगात महिना पौर्णिमेला संपतो, आपल्यात अमावास्येला. म्हणून शेजाऱ्यांचा सावन आषाढी पौर्णिमेनंतर लगेच सुरू होतो, आपला श्रावण पंधरा दिवसांनी, दिव्यांच्या अमावास्येनंतर. जी अमावास्या सामिष मराठी घरांत श्रावणापूर्वीचं शेवटचं मटण खाण्याची, तीच शेजारच्या घरात हरियाली अमावस, म्हणजे ऐन सावनाचा मध्य. तिकडे राखीला सावन संपतो तेव्हा इकडे पोळ्यापर्यंत पंधरा दिवस उरलेले असतात. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी साजरी करून कांद्याला चार महिने निरोप देणारी घरं तर वेगळीच. उज्जैनच्या महाकालाने यावर तोडगा काढला आहे. सावनात दर सोमवारी निघणारी त्याची सवारी भाद्रपदाच्या पहिल्या पंधरवड्यातही निघत राहते. या जादा सोमवारांचं कारण शिंद्यांच्या काळापासूनची मराठी रीत हे सांगितलं जातं. ते मंदिर अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकरांनी पुन्हा उभं केलं. त्यामुळे या भागातला उपासाचा हंगाम दीड महिन्याचा होतो, आणि साबुदाण्याचा व्यापारी दोन्ही पंचांगांचे आभार मानतो.

सराफ्यातली साबुदाण्याची खिचडी उपास असो-नसो लोक खातात. तीही पोह्यांसारखीच वाफेवरची, पिवळी, मोकळी. विकणारा प्रत्येक प्लेटपुरता साबुदाणा भांड्यात घेतो, त्यात सैंधव, तिखट, शेंगदाणे, लिंबू, फराळी चिवडा घालतो आणि हलवून देतो. या भांड्याकडे मी पाहतो तेव्हा एक गोष्ट मनात येते. साबुदाणा ज्या टॅपिओकापासून होतो तो कंद दक्षिण अमेरिकेतला. मिरची तिकडचीच, शेंगदाणा तिकडचा, बटाटा तिकडचा, रताळंही तिकडचं. भारतात साबुदाण्याचा उद्योग उभा राहिला तो दुसऱ्या महायुद्धात बाहेरून येणारा माल थांबल्यावर, १९४३ च्या सुमारास तमिळनाडूतल्या सेलमच्या परिसरात. म्हणजे आपण जे अत्यंत सोवळं, अत्यंत जुनं म्हणून एकादशीला खातो, ते बहुतेक सगळं पोर्तुगीजांनंतरचं आहे. उपासात धान्य वर्ज्य होतं. नव्याने आलेले हे पदार्थ धान्यांच्या जुन्या यादीत नव्हते, म्हणून त्यांना आत यायला वाट मिळाली, असं मला वाटतं. माझ्या मते यात श्रद्धेची काही नाचक्की नाही. व्रत मोडलं नाही आणि पोटही भरलं, हे करून दाखवणाऱ्या आपल्या पणज्या-खापरपणज्यांच्या बुद्धीला मी हात जोडतो.

त्यांची बुद्धी सगळ्यांत स्पष्ट दिसते ती शीतला सप्तमीला. माळव्यात ही होळीनंतरच्या सातव्या दिवशी येते. आदल्या रात्री पुऱ्या, गोड भात, कढी, गुलगुले करून ठेवायचे, सकाळी चूल पेटवायची नाही, देवीला थंड नैवेद्य दाखवायचा आणि सगळ्यांनी तेच थंड अन्न खायचं. घरातल्या मोठ्या बायका सोबत आणखी एक सांगतात. आजपासून शिळं बंद. फाल्गुन संपताना इथली हवा तापायला लागते, रात्रीचं उरलेलं सकाळपर्यंत आंबतं. शिळं खायचा शेवटचा दिवस सण करून टाकला की तो कोणी विसरत नाही. महाराष्ट्रात हीच शीतला सप्तमी श्रावणात येते, आणि इंदूरला फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची थदरीही श्रावणातली, तिथेही आदल्या दिवशीचं गार अन्नच. देवी एक, चूल न पेटवण्याचा नेम एक, वेळ मात्र ज्या मुलखातून माणसं आली तिथली.

सैफीनगरला बोहरा समाजाची मोठी वस्ती आहे. त्यांचं जेवण या सगळ्याच्या अगदी उलट विचारावर उभं आहे. एका मोठ्या थाळाभोवती सात-आठ जण बसतात, सगळे एकाच थाळातून खातात. सुरुवात चिमूटभर मिठाने, मग गोड, मग खारं, पुन्हा गोड. कुणाची प्लेट वेगळी नाही, कुणासाठी वेगळं काही नाही. थाळात कण शिल्लक ठेवायचा नाही हा नेम, आणि समाजाच्या सामायिक स्वयंपाकघरातून घरोघरी डबे जातात. पोह्याच्या गाडीने माणसांमधला फरक सांभाळून त्यांना एका ठिकाणी उभं केलं, थाळाने फरकच बाजूला ठेवला. दोन्ही रीती मला मनापासून आवडतात.

अलीकडे सराफ्यात वाद झाला. आगीच्या भीतीने सराफ धास्तावले होते, आणि परंपरेत न बसणारे पदार्थ बाजारातून काढावेत अशी मागणी होती. मोमो, नूडल्स यांच्यावर रोख होता. गल्ल्या अरुंद आहेत, गॅसच्या टाक्या आहेत, सुरक्षिततेचा मुद्दा शंभर टक्के खरा आणि तो आधी सोडवायलाच हवा. पण परंपरेचं म्हणाल तर सावध राहावं. जिलबी पश्चिम आशियातून आली. बटाटा, मिरची, साबुदाणा कुठले ते वर सांगितलंच. छप्पन दुकानमधला जॉनी हॉट डॉग १९७८ पासून विकला जातो आणि आज इंदूरकर पाहुण्याला अभिमानाने तिथे नेतात. पदार्थ परका की आपला हे त्याच्या जन्मगावावरून ठरवायला गेलो तर सराफ्यात पाणी तेवढं उरेल.

एवढ्या खाण्यातून उरणाऱ्या कचऱ्याचं काय होतं? इंदूरच्या स्वच्छतेबद्दल सगळा देश बोलतोच, २०१७ पासून सलग सात वर्षं इंदूर स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं आलं. खाण्याच्या गाड्यांवर ओला-सुका डबा वेगळा, आणि देवगुराडियाला रोज साडेपाचशे टन ओल्या कचऱ्यापासून गॅस बनवणारा कारखाना २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झाला. यामागचा जुना धागा फार थोड्यांना ठाऊक असतो. ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ सर अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ इंदूरला होते. काडीकचरा, शेण, माती यांचे थर रचून खत करायची जी पद्धत त्यांनी इथल्या शेतकऱ्यांच्या रीतीवरून शिकून बसवली, ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते.

इथपर्यंत जे लिहिलं ते शाकाहारी इंदूरबद्दल. पण होळकर धनगर, शिकारी, मांसाहारी. याच घराण्यातल्या शिवाजीराव आणि शालिनीदेवी होळकरांनी १९७५ मध्ये राजवाड्यांतल्या पाककृतींचं इंग्रजी पुस्तक काढलं, त्यात मांसाचे पदार्थ भरपूर आहेत. शेजारच्या महूला लष्करी छावणी, तिची खाण्याची तऱ्हा वेगळी. आणि पश्चिमेला काही तासांवर झाबुआ, आलीराजपूर. तिथला भिल्ल मक्याची पानिया खाकऱ्याच्या पानांत भाजतो आणि सणाला कोंबडं कापतो. त्याने पिढ्यानपिढ्या सांभाळलेल्या काळ्या कडकनाथ कोंबडीला २०१८ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, ती आता मोठमोठ्या हॉटेलांत जाते.

त्याच भिल्लाच्या मुलाला अंगणवाडीत अंडं मिळत नाही. आदिवासी जिल्ह्यांतल्या अंगणवाड्यांत अंडी द्यायचा प्रस्ताव २०१५ मध्ये मध्य प्रदेशचे तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी फेटाळला. पुढेही तो विषय आला आणि मागे पडला. या पट्ट्यातलं कुपोषण कुणाला नव्याने सांगायला नको. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम उत्तम प्रथिनं असतात, त्यात भेसळ करता येत नाही, पाणी घालता येत नाही. ज्या मुलांच्या घरी अंडं खाल्लं जातं, ज्यांच्या आईबापांची हरकत नाही, त्यांच्या ताटातून ते दुसऱ्या कुणाच्या तरी व्रतासाठी काढून घेतलं जातं. इंदूरच्या रस्त्याने शिकवलेल्या गोष्टीच्या हे नेमकं विरुद्ध आहे. पोहेवाला जैन गिऱ्हाइकासाठी कांदा बाजूला ठेवतो, पण दुसऱ्याला कांदा खायची बंदी करत नाही. मला या निर्णयाचा राग येतो आणि तो लपवायची गरज वाटत नाही.

महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये शहाणपणाचा निर्णय घेतला होता. शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं, आणि न खाणाऱ्या मुलाला केळं. दोन मुलं शेजारी बसणार, दोघांच्या ताटात आपापलं. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्यांसाठीचा पैसा देणं थांबवलं. शाळांना हवं तर लोकसहभागातून द्यावं, एवढी वाट मात्र मोकळी ठेवली. या अंकाचे वाचक गावोगाव शाळा व्यवस्थापन समित्यांवर आहेत, माजी विद्यार्थी संघांत आहेत, देणगीदार आहेत. आपल्या गावच्या शाळेच्या पुढच्या सभेत हा विषय घ्या, आठवड्याच्या एका अंड्याचा आणि एका केळ्याचा खर्च काढा, आणि वर्गणी जमवून या वर्षीच सुरू करा.